हाडाची पट्टी

सोनई
११ नोव्हेंबर २०२४

क्रिस्टीनाताईंना रेबेकाचा सलाम.

फोन लावला की दाजी उचलतात. म्हणतात, तिचा घसा बसलाय, बरं वाटलं की करेल. तुम्ही काही करत नाही. दिवाळीच्या सुट्टीत येते म्हणाला होतात, तेही झालं नाही. म्हणून लिहायला बसले. फोन ठेवून देता येतो, पत्र निदान उघडून वाचावं लागतं.

येत्या फेब्रुवारीत तुमच्या भावाला, आमोसना, जाऊन वर्ष होईल. वर्षाची प्रार्थना मी चर्चमध्ये नाही, दफनभूमीतच ठेवायची म्हणते आहे. पाळकसाहेब तयार आहेत. का ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. मागच्या वेळी तुम्ही होतातच. उसाचा हंगाम होता. पाळकसाहेबांनी वाचायला सुरुवात केली आणि रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या निघाल्या, ट्रॅक्टरवर डेक लावलेला, त्यावर वरातीतलं गाणं. पाळकसाहेब थांबले. एक गेला की दुसरा. कोणीतरी मोबाईलवर भक्तिगीत लावून मोबाईल शवपेटीजवळ धरला. ते पेटीपाशी उभ्या असलेल्या मलासुद्धा ऐकू आलं नाही. ज्या माणसाने गावातल्या प्रत्येक मातीला गिटार वाजवली, ऊन असो, पाऊस असो, त्याला आपण तशी माती दिली. आणि त्यांच्या शेजारी उभं राहून ज्या गायच्या, त्या त्यांच्या ताईही त्या दिवशी गायल्या नाहीत. ते असो.

वर्षाच्या प्रार्थनेला त्यांची गिटार त्यांच्याच मातीवर वाजावी, आणि रस्त्यावर काहीही असलं तरी शेवटच्या माणसाला ऐकू जावी, एवढंच मला हवं आहे. वाजवणार मी. हसू नका. ते आजारी असताना त्यांनी मला बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं होतं. नंतर इथल्या वसतिगृहातल्या एका मुलीकडून गिटारीचं पुस्तक आणलं, स्वयंपाक उरकला की ते उघडून बसते. वाचायलासुद्धा मी अशीच शिकले, कोणी शिकवायला नव्हतं.

आता काम सांगते. तुमच्या वाद्यांच्या दुकानातून त्यांनी एक पिकअप आणलं होतं, गिटारीत आतून बसवायचं, म्हणजे तिचा आवाज स्पीकरमधून येतो. ती डबी कपाटात तशीच आहे. आत एक पातळ चपटी तार, एक नळीसारखा जॅक, बॅटरीचा खिसा. बसवायचं राहून गेलं. मी पुढच्या आठवड्यात गिटार घेऊन नगरला येते. तुम्ही बसवून द्या. मी शेजारी बसून पाहीन.

तुमची,
रेबेका


नगर
१६ नोव्हेंबर

प्रिय रेबेका, सलाम.

येऊ नकोस. दुकानाला रंग द्यायचं चाललंय, सगळं सामान घरात आलंय, तुला बसायला खुर्चीसुद्धा मिळणार नाही. घशाचं म्हणशील तर डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे, दुसरं काही नाही. तुझे दाजी म्हणतात, पंचवीस-तीस वर्षांत घरात एवढी शांतता पहिल्यांदाच आली.

गिटार एसटीने पाठवू नकोस, कोणाच्या हातीही देऊ नकोस. मी लिहून देते, तू घरीच बसव. पुस्तकातून बोटं ठेवायला शिकलीस ना, मग हेही येईल. सासऱ्यांनी मला हाडाचं काम शिकवलं तेव्हा मला धड नखं कापता येत नव्हती.

आधी ऐक हे काय असतं. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात ती पट्टी लाकडातल्या एका खाचेत नुसती बसवलेली असते. तारा सैल केल्या की हाताने निघते. ती चपटी तार त्या पट्टीच्या खाली, खाचेत झोपवायची. तारा पट्टीला दाबतात, पट्टी त्या चपट्या तारेला दाबते, तो दाब पुढे स्पीकरला जातो. सगळा खेळ दाबाचा आहे.

पहिली पायरी एवढीच: तारा काढ, पट्टी काढून जपून ठेव. खाचेच्या एका टोकाला, अगदी कडेला, बारीक भोक पाड, म्हणजे चपटी तार आतून वर येईल. मग गिटारीच्या बुडाला, जिथे पट्टा अडकवायचं बटण आहे, तिथे करंगळी जाईल एवढं भोक. तिथे जॅक बसेल. हे भोक एकदा पाडलं की बुजत नाही. सुताराला बोलव, पण ड्रिल हळू चालवायला सांग. लाकूड पातळ आहे. आत हात घालून जॅक बुडाच्या भोकातून बाहेर काढायचा आणि बाहेरून नट आवळायचा.

एवढं कर आणि कळव.

क्रिस्टीना


सोनई
२८ नोव्हेंबर

ताई, सलाम.

दोन्ही भोकं झाली. सांगते कशी झाली ते.

शेजारचे काकासाहेब सुतार मशीन घेऊन आले. तुमचं पत्र वाचून दाखवलं. गिटारीवर टिचकी मारून म्हणाले, "वैनी, ह्ये लाकूड हाय का पापड? मी दारं-खिडक्या करनारा मानूस. चीर गेली तर आमोसभाऊ वरून शिव्या देतील."

मी म्हटलं, "ते शिव्या देत नव्हते."

"आता शिकले आसतील. तिकडं कोन कोन भेटलं आसंल."

त्यांच्या घरच्या मनकर्णाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "तुमीच भेटाया जा मग, पर आदी भोक पाडा."

पाडलं. बुडाला मशीन टेकवलं तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं. लाकडाचा भुगा पिवळा निघाला आणि त्याला वास होता, आमोस गिटार मांडीवर घेऊन बसले की त्यांच्या शर्टाला यायचा तो. मला वाटत होतं तो वास त्यांचा होता. तो लाकडाचा होता.

जॅक आतून बाहेर काढायला काकासाहेबांनी हात घातला तर तो कोपराच्या अलीकडेच अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. मनकर्णाबाई हसून हसून खाली बसल्या. शेवटी तेल लावून काढला. मग मी घातला. माझ्या हातात आता बांगड्या नाहीत, त्यामुळे हात कोपरापर्यंत सहज गेला. आत काहीच दिसत नाही, बोटांनी चाचपून भोक शोधायचं. जॅक बाहेर निघाला तेव्हा काकासाहेब म्हणाले, "वैनी, ह्ये काम बाईमान्साचंच हाय." बांगड्या असत्या तर गेला नसता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. बरंच झालं.

आता पुढचं सांगा. आणि एक विचारते, उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. आमोसच्या मातीला तुम्ही का गायला नाहीत? परक्याच्या मातीला तुम्ही आडवाटेच्या गावांना गेलात. कधी कोणाला नाही म्हटलं नाही. सख्ख्या भावाला एक कडवं नाही. चर्चच्या मंडळीतल्या बायका मला अजून विचारतात. मी काय सांगू?

रेबेका


नगर
४ डिसेंबर

रेबेका,

भोकं नीट पडली हे ऐकून बरं वाटलं. काकासाहेबांना सलाम सांग.

आता महत्त्वाचं. चपटी तार खाचेत झोपवली की पट्टी तेवढी वर येईल, तारा उंच होतील, दाबताना तुझी बोटं दुखतील. म्हणून पट्टी तेवढीच घासून कमी करायची. वरून नाही. वरची गोलाई आमोसने स्वतः घासलेली आहे, तिला हात लावू नकोस. खालच्या बाजूने, सपाट दगडावर पाणी लावून घास. अंगठ्याने सारखा दाब दे. घाई करू नकोस. थोडं घासायचं, बसवून पाहायचं.

दुसरा प्रश्न मंडळीतल्या बायकांचा. बायकांना सांग, मला विचारा म्हणावं.

क्रिस्टीना


सोनई
१५ डिसेंबर

ताई,

मी काहीतरी बिघडवलं आहे.

तुम्ही लिहिलं तसं केलं. घरात सपाट दगड एकच, चटणीचा पाटा. चार वेळा धुतला. पाणी टाकून पट्टी घासत बसले, थोडं घासायचं, बसवून पाहायचं. पाटा कितीही धुतला तरी त्याच्यात मिरची असतेच, हाड खालून तांबूस झालं. मला वाटलं, खालची बाजू आहे, कोणाला दिसते. तारा चढवल्या, उंची आधी होती तेवढीच आली. मी खूश झाले. वसतिगृहातला चार्जिंगचा स्पीकर आणला, वायर लावली.

मधल्या तारा छान वाजतात. भरून येतात. पण सगळ्यांत वरची जाड आणि सगळ्यांत खालची बारीक, या दोन तारा स्पीकरमध्ये येतच नाहीत. गिटारीला कान लावला तर ऐकू येतात. स्पीकरमध्ये नाहीत. पुन्हा काढून बसवलं. बॅटरी बदलली. तेच. आणि आता पट्टी दोन्ही टोकांना हलते, झोक्यासारखी.

आमोसनी घासलेलं हाड होतं ते. त्यांच्या हाताचं घरात काय उरलं आहे? शर्ट धुऊन धुऊन दुसऱ्याचे वाटायला लागलेत. हे एक होतं, ते मी चटणीच्या पाट्यावर घासून टाकलं.

मला तुमचा राग आला आहे हे लपवत नाही. तुम्ही इथून चाळीस किलोमीटरवर आहात. दुकानाचा रंग एवढ्यात वाळला असेल. मला येऊ नको म्हणता, स्वतः येत नाही, आणि पत्रातून दगडावर घास म्हणून सांगता. भाऊ गेला तशी भावजयही गेली असं तुमच्या मनात असेल तर तसं लिहा. मी समजून घेईन.

पण गिटार घेऊन मी गुरुवारी येते आहे. सकाळच्या गाडीने. दारात उभी राहीन. नाताळ जवळ आहे, दारातल्या माणसाला कोणी हाकलत नाही.

रेबेका


नगर
२३ डिसेंबर

प्रिय रेबेका, सलाम.

त्या दिवशी पाटीवर लिहून लिहून माझा हात भरून आला, आणि तू निघाल्यावर निम्मं सांगायचं राहिलं असं लक्षात आलं. ते इथे लिहिते.

तू दार ढकलून आत आलीस तेव्हा मी गळ्याला ओढणी गुंडाळायला धावले, पण तू गळ्यातली श्वासाची नळी पाहिलीस. तू किंचाळशील असं वाटलं होतं. तू गिटार भिंतीला टेकवलीस, आत गेलीस आणि भांडी घासायला लागलीस. तुझे दाजी म्हणाले, "अहो वहिनी, घासलेलीच आहेत ती." तू म्हणालीस, "परत घासते." त्याबद्दल मी तुझी आभारी आहे. सप्टेंबरात ऑपरेशन होऊन आवाज गेला तेव्हापासून जो येतो तो माझ्या समोर बसून रडतो. मला त्यांना पाणी द्यायला उठावं लागतं.

तू विचारलंस ते सांगते. आमोसला माती दिली तेव्हा मला घशातल्या गाठीचं कळून महिना झाला होता. आमोसला मी सांगितलं नव्हतं, तो स्वतःच अंथरुणावर होता. दफनभूमीत मी तोंड उघडलं होतं, रेबेका. तू पेटीकडे पाहत होतीस, तुला दिसलं नाही. आतून नुसता वारा आला. मी पुन्हा प्रयत्न केला. मग तो ट्रॅक्टर आला आणि मला बरं वाटलं, खरं सांगते. त्याच्या आवाजात कोणाला काही कळलं नाही. तुला तेव्हा सांगायचं म्हणजे एका खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्या बाईला दुसरा दाखवायचा. नंतर सांगायची वेळ निघून गेली. बायकांना काय सांगायचं ते तू ठरव.

लेकीला, जेनिफरला, काही कळवू नकोस. मस्कतच्या हॉस्पिटलात तिची नोकरी अजून कच्ची आहे, मधेच सुट्टी घेतली तर ठेवणार नाहीत. तिला आम्ही घशाचं छोटं ऑपरेशन एवढंच सांगितलंय. ती स्वतः नर्स आहे, फार काळ फसणार नाही, पण फसेल तेवढी फसू दे.

आता पट्टीचं. तुझा पाटा मधे खोलगट आहे. वर्षानुवर्षं चटणी वाटून तो मधे झिजला. त्याच्यावर सरळ पट्टी घासली की टोकं आधी टेकतात, टोकंच झिजतात, मधे पोट राहतं. म्हणून मधल्या तारा बोलतात, कडेच्या नाहीत. हे काम काचेवर करायचं असतं, काचेवर पॉलिश पेपर चिकटवून. माझ्या डोक्यात काच होती, हाताने दगड लिहिलं. औषधांनी हल्ली असं होतं.

ती पट्टी आता दुरुस्त होणार नाही. अजून घासली तर ठेंगणी होईल. मी नवी करते आहे. दुकानात हाड आहे. आमोसची वरची गोलाई कागदावर काढून घेतली आहे, तशीच उतरवीन. सकाळी अंगात थोडी ताकद असते, तेव्हा घासते. जुनी तुझ्याकडेच ठेव.

शेवटचं. मला नगरात माती देऊ नका. सोनईला आमोसच्या शेजारी जागा आहे, मी तुझ्या दाजींना सांगून ठेवलं आहे. रस्त्याकडेला असली तर असू दे. हंगाम चालू असला तर असू दे. तू वाजव.

क्रिस्टीना


सोनई
१० जानेवारी २०२५

ताई, सलाम.

दाजी पट्टी देऊन गेले. चहा घेतला आणि लगेच निघाले. जाताना गिटारीकडे पाहून म्हणाले, "एवढं मन लावून तिने मला कधी पोळी लाटून घातली नाही." डोळे लपवायला त्यांनी हेल्मेट घातलं, काच खाली केली.

पट्टी खाचेत अशी बसली की गिटार उलटी धरली तरी पडत नाही. हलत नाही. तारा चढवल्या. सहाही वाजतात, सारख्या. वरची जाड तार वाजवली तेव्हा स्टुलावरचा पेला थरथरला. काकासाहेब भिंतीपलीकडून ओरडले, "वैनी, बंद करा, आमची म्हस आटंल!"

तुम्ही शेवटी लिहिलं त्याला मी हो म्हणत नाही. फेब्रुवारीत तुमच्या भावाची प्रार्थना आहे, तिला तुम्ही पुढे खुर्चीत बसायचं आहे. गळ्याला काय बांधायचं ते बांधा. पण एक अडचण आहे ती आत्ताच सांगते, म्हणजे तुम्हाला विचार करता येईल. मला चाल वाजवता येत नाही. आमोसनी मला गाण्याच्या खाली जे वाजतं तेवढंच शिकवलं. ते स्वतःही तेच वाजवायचे, वर तुम्ही होतात. मी नुसतं खालचं वाजवलं तर ते गाणं आहे हे कळणार कसं? वर कोणाला उभं करू? मंडळीत आवाज आहेत, पण मला कोणाचंही नाव सुचत नाही.

बायकांना मी सांगितलं आहे. खरं तेच सांगितलं. त्यानंतर कोणी विचारलं नाही.

रेबेका


नगर
१५ जानेवारी

रेबेका,

अक्षर वाईट आहे, हात ऐकत नाही. थोडक्यात लिहिते.

वर कोणी नको. तू खालचं वाजव. वरचं सगळ्यांना पाठ आहे.

मधे चुकलीस तर थांबू नकोस. आमोस पुष्कळदा चुकायचा. कोणाला ऐकू जात नव्हतं म्हणून त्याची चूक कळली नाही. तुझी कळेल. असू दे.

बॅटरी नवी घाल. वाजवून झालं की वायर काढ, लावलेली राहिली तर बॅटरी आतल्या आत उतरते.

क्रिस्टीना


सोनई
५ फेब्रुवारी २०२५

माझ्या बाळा जेनिफर, तुला मामीचा सलाम.

तुझा निरोप दाजींनी, म्हणजे तुझ्या पप्पांनी, वाचून दाखवला. मम्मीचं शेवटचं सगळं कसं झालं ते मामीने लिहून पाठवावं, फोनवर मला ऐकवणार नाही, असं तू म्हणालीस. मलाही फोनवर सांगवलं नसतं. तुला कोणी कळवलं नाही याचा राग आमच्यावर धर, मम्मीवर धरू नकोस. तिला तुझी नोकरी हवी होती. आणि कळवल्यावरही तिकीट दुसऱ्या दिवशीचं मिळत होतं. पेटी तेवढी थांबली नसती.

शेवटचे दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. त्रास झाला का असं विचारशील. नळीत कफ अडकायचा तेव्हा झाला. शेवटी झाला नाही. तू नर्स आहेस, तुझ्याशी खोटं बोलून उपयोग नाही.

तिच्या म्हणण्याप्रमाणे सोनईला आणलं. दुपार होती. पेटी पांढरी, पप्पांनी स्वतः निवडली. चेहरा ओळखू येत होता. गळ्याला मी माझी निळी ओढणी बांधली, तिच्याकडच्या सगळ्या तिने आजारात वापरल्या होत्या.

मी आधीच जाऊन स्टूल मांडलं, स्पीकर ठेवला, वायर लावून पाहिली. आपल्या चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो तो नोहा आला. म्हणाला, "मामी, तुम्ही कशाला त्रास घेता? माझ्याकडे ट्रॅक आहे, त्याच गाण्याचा. मोबाईल स्पीकरला जोडतो."

मी म्हटलं, "तुझा ट्रॅक खिशात ठेव."

"पण गाणार कोण?"

"कोणी नाही."

त्याला वाटलं माझं डोकं ठिकाणावर नाही. त्याने दोघा-तिघांना तसं सांगितलंही, माझ्या कानावर आलं.

पाळकसाहेबांनी वाचन केलं, प्रार्थना केली, पेटी खाली सोडली. मग मला खूण केली. मी वाजवायला सुरुवात केली. गाणं कोणतं ते तुला माहीत आहे, लहानपणी तुला झोपवताना मम्मी तेच म्हणायची. मी फक्त खालचं वाजवलं. पहिल्या कडव्याला लोक एकमेकांकडे पाहत राहिले, कोणीतरी सुरू करेल म्हणून. कोणी केलं नाही. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळ्यांना कळलं की ती जागा तिची आहे. बायकांचे ओठ हलत होते. आवाज कोणी काढला नाही. जिथे ती वरच्या सुराला जायची आणि थोडी थांबायची, तिथे मीही थांबले, आणि समोरची सगळी माणसं माझ्याबरोबर थांबली. मी पाहिलं ते.

ट्रॅक्टर आलेच. हंगाम आहे, ते कोणासाठी थांबत नाहीत. डेकवर काय लावलं होतं ते लिहीत नाही. मागे तुझ्या मामाच्या वेळी पाळकसाहेब थांबले होते. मी थांबले नाही. गिटार ऐकू जात होती. पार फाटकापाशी उभ्या असलेल्या काकासाहेबांना ऐकू गेली, त्यांनी नंतर सांगितलं. तिसऱ्या कडव्यात माझं बोट चुकीच्या तारेवर पडलं, तेही त्यांना ऐकू गेलं.

यानंतरचं मी तुझ्या पप्पांनासुद्धा सांगितलेलं नाही.

शेवटचा सूर वाजवला की तो थांबवायला तारांवर तळहात ठेवायचा असतो. मी ठेवला. हात थकला होता, तो जड पडला, पट्टीच्या जवळ लाकडावरच पडला. मम्मीने केलेल्या पट्टीखालची ती चपटी तार नुसत्या तारा ऐकत नाही, लाकडाला लागलेलं सगळं ऐकते. स्पीकरमधून धप्प असा आवाज आला. पेटीवर पहिलं ढेकूळ पडल्यावर येतो अगदी तसा. सगळ्यांनी दचकून खड्ड्यात पाहिलं. पाळकसाहेबांना माती टाकण्याआधीचे शब्द अजून म्हणायचे होते. पण पप्पांना वाटलं कोणीतरी सुरुवात केली. ते वाकले आणि त्यांनी मूठभर माती टाकली. मग त्यांच्यामागे सगळेच टाकायला लागले. पाळकसाहेबांनी इकडे-तिकडे पाहिलं, माती पडत असतानाच ते शब्द म्हटले, आणि तेही वाकले.

मला उठता आलं नाही. गिटार मांडीवर होती आणि वायर पायात गुंतली होती. मी वायर सोडवून उठेपर्यंत खड्डा भरत आला होता आणि पुरुषमंडळी फावड्यांनी माती ओढत होती.

आता मंडळीत बोलतात की भावजयीने नणंदेला मूठभर मातीसुद्धा दिली नाही, वाद्य घेऊन बसून राहिली. तुझ्याही कानावर येईल. मी त्यांना काही सांगणार नाही. तुला सांगितलं.

तुझी मामी,
रेबेका